तर्री-पोहे खाऊन आलं की गाडी सुरू होत नाही: आधी डायग्नोसिसची डबी उघडा, मग बॅटरीला हात लावा

सकाळी गाडी एका चावीत सुरू होते. नागपुरात धंतोलीतून निघून अर्धा-पाऊण तास हिंडलं तरी कुरकुर नाही. मग कुठेतरी थांबायचं, तर्री-पोह्यांची प्लेट संपवायची, वर चहा घ्यायचा आणि परत येऊन चावी फिरवायची. स्टार्टर नुसता फिरत राहतो. पेट्रोलचा वास येतो. कशीबशी सुरू झालीच तर मागून काळा धूर निघतो आणि आरपीएमचा काटा झोपाळ्यासारखा खालीवर. व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला दोनदा बंद पडली, तेव्हा मागच्या ऑटोवाल्यांनी जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि हीच गाडी संध्याकाळी ऊन उतरलं की शहाण्या लेकरासारखी सुरू होते.

मार्च ते मे, तीन महिन्यांत पाच वेळा हे झालं. पहिल्या चार वेळा काही ना काही केलं, प्रत्येक वेळी गाडी 'दुरुस्त' झाली आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच. गाडी वेगळी असली तरी हा प्रकार ओळखीचा वाटत असेल तर पुढे वाचा.

गाडी काकांची. १९९० ची माझदा एमएक्स-५, १६०० सीसी, दोन सीटची, उघड्या टपाची. काका इंग्लंडहून कायमचे परतले तेव्हा सामानासोबत तीही आली. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या स्विफ्टच्या तोलाची. दिवे लावले की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात, त्यामुळे गल्लीतली पोरं तिला बेडकीच म्हणतात. हे मॉडेल १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये पहिल्यांदा दाखवलं गेलं. दोन सीटच्या स्पोर्ट्स गाड्यांत जगात सगळ्यात जास्त खपलेली हीच, पण भारतात कंपनीने ती कधी विकली नाही. सुट्या भागांच्या दुकानात जाऊन 'माझदाचा प्लग द्या' म्हटलं की समोरचा विचारतो, 'बसचा का ट्रकचा?' आपल्याकडे माझदा म्हणजे स्वराज माझदा, शाळेची पिवळी बस. त्यालाही दोष देता येत नाही.

माझं सांगायचं तर मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. इंजिनातलं मला फारसं कळत नाही, पण वायर आणि मीटरला भीत नाही. काकांचे गुडघे आता त्या खोल सीटमधून उठू देत नाहीत, म्हणून गाडी माझ्या गळ्यात.

पहिल्या चार वेळा काय झालं ते पटकन सांगते. आमचे मिस्त्री हाताने चांगले आहेत, प्रामाणिक आहेत. पण गाडी आली की त्यांचं पहिलं काम ठरलेलं: बॅटरीची तार काढायची. या गाडीची बॅटरी डिकीत असते. डिकी उघडायची, निगेटिव्ह तार काढायची, मग निवांत काम सुरू. सुरक्षिततेच्या दृष्टीने सवय बरोबरच आहे. प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, पेट्रोल फिल्टर बदलला. तोवर संध्याकाळ झालेली, इंजिन थंड झालेलं. तार लावली, चावी फिरवली, गाडी सुरू. 'पाहा मॅडम, बॅटरी काढून लावली का सुरू होते. येच्या डोक्यात काहीतरी अटकते.' चौथ्या वेळी तर त्यांनी फक्त तारच काढून लावली, पैसेही घेतले नाहीत.

डोक्यात काहीतरी अडकतं, हे त्यांचं निदान चुकीचं नव्हतं. चूक एवढीच, की डोक्यात काय अडकलं ते वाचायच्या आधीच आम्ही दर वेळी डोकं पुसून टाकत होतो. या गाडीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, दोषांची नोंद साठते आणि चावी बंद केली तरी राहते, पण बॅटरीची तार वीस सेकंद काढली की जाते. गाडी सुरू व्हायची ती थंड झाल्यामुळे, श्रेय मिळायचं तारेला आणि पुरावा जायचा कचऱ्यात. चार वेळा.

पाचव्या वेळी मी बॅटरीला हात लावू दिला नाही. स्कॅनर असलेल्या एकाला बोलावलं. तो मोबाइल आणि ब्लूटूथचं छोटं यंत्र घेऊन आला आणि डॅशबोर्डखाली आडवा झाला. स्टिअरिंगखाली, हातमोज्यांच्या खणाखाली, गिअरजवळचा गालिचा उचलून, सगळीकडे टॉर्च मारला. वीस मिनिटांनी घामाघूम होऊन बाहेर आला. 'येले सॉकेटच नाई, मॅडम.'

नसणारच. तो शोधत होता ते सोळा पिनांचं, वर रुंद खाली अरुंद सॉकेट. ते अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. आपल्याकडे बीएस-४ (धुराच्या नियमांचा चौथा टप्पा) गाड्यांना ओबीडी-१, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखायच्या सोयीचा पहिला टप्पा, १ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ १ एप्रिल २०१३ पासून. १९९० च्या गाडीत ते शोधणं म्हणजे आजोबांच्या डायल फोनला चार्जरचं भोक शोधणं. अमेरिकेत विकलेल्या १९९६-९७ च्या एमएक्स-५ मध्ये ते डॅशखाली सापडतं, इतर देशांतल्या या पहिल्या पिढीच्या गाड्यांत मात्र जुनीच सोय आहे.

जुनी सोय बॉनेटखाली आहे. बॉनेट उघडून गाडीच्या तोंडाशी उभे राहू नका, ड्रायव्हर सीटवर बसल्यासारखी दिशा मनात धरा. डाव्या अंगाला, मागे, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या भिंतीजवळ एक काळी प्लास्टिकची डबी आहे. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. झाकणावर इंग्रजीत 'डायग्नोसिस' असं उठावात लिहिलेलं आहे, पण तीस वर्षांच्या धुळीखाली ते दिसत नाही, बोटाने चाचपावं लागतं. मी ती डबी आधी शंभरदा पाहिली असेल, फ्यूजची असेल म्हणून सोडून दिली होती.

झाकण उघडताना घाई केली तर क्लिप तुटते. माझी तुटली. प्लास्टिक जुनं आणि ठिसूळ झालेलं असतं. गाडी जरा उन्हात ठेवून मग उघडलं असतं तर बरं झालं असतं, आणि उन्हाची आपल्याकडे काय कमी? आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं निघालं. टूथपिकने माती काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ब्रश बुडवून पिना पुसल्या. पाणी, डिझेल, डब्ल्यूडी-४० असलं काही आत मारू नका. मातीचा चिखल होऊन तो पिनांत बसतो.

झाकणाच्या आतल्या बाजूला कोणत्या भोकात काय आहे ते छापलेलं असतं. आपल्याला त्यातली पाच नावं पुरतात. 'जीएनडी' म्हणजे अर्थिंग. 'टीईएन' ही चाचणीची तार. 'एफईएन' मधून ईसीयू लुकलुकवून दोष सांगतो. '+बी' म्हणजे बॅटरीचा प्लस. आणि 'एफ/पी' म्हणजे पेट्रोल पंप. बाकीच्यांना हात लावू नका. आणि +बी व जीएनडी चुकूनही एकमेकांना जोडू नका, तो सरळ शॉर्ट आहे.

अमेरिकेतल्या गाडीला डॅशवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा असतो, तोच लुकलुकून आकडा सांगतो. इंग्लंडच्या गाडीत तो दिवाच नाही. दिवा नाही म्हणजे दोष नाही, असं काका वीस वर्षं समजत होते. त्यामुळे दिवा आपण बाहेरून लावायचा. बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, साधा लाल एलईडी आणि एक किलोओहमचा रेझिस्टर आणला, दोन्हींचे मिळून चहाएवढेही पैसे झाले नाहीत. एलईडीचा लांब पाय +बी मध्ये, आखूड पाय रेझिस्टरमार्फत एफईएन मध्ये. बारा व्होल्टांतून एलईडीचे दोन वजा केले आणि हजाराने भागलं की दहा मिलिअँपिअर, ईसीयूला काही त्रास नाही. मिस्त्री म्हणाले, 'त्यापेक्षा इंडिकेटरचा बल्ब लावू ना.' नको. बल्ब त्याच्या कित्येक पट करंट ओढतो, आणि ईसीयूच्या आतला इवलासा ट्रान्झिस्टर जळाला तर तो नागपुरात कुठे मिळणार?

आता प्रत्यक्ष वाचन. इंजिन बंद, चावी बंद. कागदांना लावतात ती यू-पिन सरळ करून तिने टीईएन आणि जीएनडी जोडायचे. मधल्या भागावर टेप गुंडाळा, पिन शेजारच्या भोकाला लागायला नको. एलईडी लावायचा. मग चावी 'ऑन' करायची, स्टार्टर मारायचा नाही. एलईडी लुकलुकायला लागतो. लांब उजेड म्हणजे दशक, आखूड म्हणजे एकक. एक लांब दोन आखूड असले तर बारा. नुसते आखूड असले तर एक आकडी क्रमांक. आकडा संपला की काही सेकंद अंधार आणि मग पुन्हा तोच, किंवा दोष दोन असतील तर पुढचा.

इथे आमची चूक होता होता राहिली. भर दुपारी बॉनेटखाली लाल एलईडी नीट दिसत नाही. मी हाताचा आडोसा करून मोजलं, आठ. आठ म्हणजे एअरफ्लो मीटर, इंजिनात जाणारी हवा मोजणारा डबा. बाहेरून मागवायचा तर खिशाला चांगलं भोक. मी मनातल्या मनात काकांना ही बातमी कशी सांगायची ते जुळवत होते. तेवढ्यात गॅरेजमधलं पोट्टं, पाना धरून उभं होतं ते, म्हणालं, 'आठ नाई मॅडम, नऊ हाय.' मी म्हटलं, मोजलं ना मी. ते हटेना. मग मोबाइलवर व्हिडिओ घेतला आणि सावलीत बसून हळू गतीने पाहिला. नऊ. पोट्ट्याला त्या दिवशी माझ्याकडून रसाचे दोन ग्लास. तेव्हा सांगते, डोळ्यांनी मोजू नका, व्हिडिओ घ्या. आणि तीनदा फेरा पूर्ण होऊ द्या.

नऊ म्हणजे पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, कूलंटचा. आता मिस्त्री चिडले. 'काटा तं बराबर मधात उभा राहते. सेन्सर खराब असता तं काटा हालला नसता?' शंका रास्त होती. डॅशवरचा काटा आणि ईसीयू वेगवेगळ्या सेन्सरवर चालतात, हे दोघांनाही माहीत नव्हतं. दोन्ही सेन्सर इंजिनाच्या मागच्या टोकाला, त्या पत्र्याच्या भिंतीकडे आहेत. एका तारेचा आहे तो काट्याचा. दोन तारांचा आहे तो ईसीयूचा. काटा खुशाल 'सगळं ठीक' म्हणत राहतो आणि त्याच वेळी ईसीयूला वाटत असतं की बाहेर बर्फ पडतोय.

हा सेन्सर म्हणजे उष्णतेने कमी होणारा रेझिस्टन्स. माझदाच्या मापानुसार २० अंशांना सुमारे अडीच किलोओहम, ८० अंशांना तीनशेच्या वर थोडे ओहम. थंडी जास्त तितका आकडा मोठा, उणे वीसला सोळा किलोओहम. आता या आकड्यांवरून तर्री-पोह्यांचा उलगडा होतो. गाडी चालताना कूलंट फिरत असतं. इंजिन बंद केलं की पंप थांबतो आणि सगळी उष्णता जागच्या जागी कोंडते. बॉनेटखालची मागची बाजू पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापते. बाहेर पंचेचाळीस अंश असतील तर विचारूच नका. त्या तापात कुठलातरी जोड सैल होतो आणि त्याचा रेझिस्टन्स वाढतो. समजा तो नऊ-दहा किलोओहम झाला. ईसीयूच्या दृष्टीने हे उणे दहा अंश. गाडी नवतपाच्या भर उन्हात बर्डीवर उभी आहे, पण ईसीयू समजतो लडाखात आहे, आणि थंड इंजिनाला लागतं तसं भरमसाट पेट्रोल सोडतो. प्लग भिजतात. वास, काळा धूर, सुरू न होणं, सगळं त्यातूनच.

आणखी एक गोष्ट, जिने मला सगळ्यात जास्त छळलं. ईसीयू नऊ नंबर नोंदवतो तो तार पूर्ण तुटल्यासारखी किंवा शॉर्ट झाल्यासारखी दिसली तरच. उणे दहा अंश हा त्याच्या मते शक्य असलेला आकडा आहे, जपानमध्ये, इंग्लंडमध्ये थंडी पडतेच. त्यामुळे जोड अर्धवट सैल असताना गाडी पूर्ण त्रास देते आणि नोंद मात्र काहीच नाही. माझ्या नशिबाने पाचव्या वेळी तो क्षणभर पूर्ण सुटला असणार. तुमच्याकडे लक्षणं हीच असतील आणि आकडा काहीच येत नसेल, तरी हा सेन्सर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तपासताना मी एक फुकटचा उद्योग केला, तो तुम्ही करू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे इंजिन गार असताना सेन्सर खोलून काढला, थोडं कूलंट सांडलं, आणि सेन्सर घरी नेऊन पाण्यात बुडवून मोजला. २० अंशांचं पाणी मे महिन्यात आणायचं कुठून? नळाचं पाणीच गरम येतं. शेवटी माठातलं घेतलं, लॅबच्या थर्मामीटरवर २६ अंश. मीटरने १.९ किलोओहम दाखवले. मग चहाच्या भांड्यात ८० पर्यंत तापवलं, ३२० ओहम. दोन्ही आकडे अगदी बरोबर. सेन्सर निर्दोष! आईला मात्र भांडं तीनदा घासावं लागलं आणि त्याबद्दल अजून ऐकते आहे.

खरं तर सेन्सर काढायची गरजच नव्हती. सकाळी थंड इंजिनावर कनेक्टर ओढून जागेवरच मोजायचं, त्या वेळच्या हवेच्या तापमानाशी ताडायचं. गाडी फिरवून आणून पुन्हा मोजायचं. आकडा दीड-पावणेदोन हजारांवरून तीनशेच्या आसपास आला की सेन्सर ठीक. इंजिन गरम असताना सेन्सर खोलायच्या भानगडीत तर पडूच नका, उकळतं कूलंट दाबाने अंगावर येतं. रेडिएटरच्या झाकणालाही तोच नियम.

सेन्सर ठीक म्हणजे संशय कनेक्टरवर आणि तारांवर. कनेक्टर लावलेलाच ठेवला, मागून बारीक सुई घालून मीटर व्होल्टवर लावला, चावी ऑन केली. ईसीयू या तारेवर पाच व्होल्ट देतो आणि सेन्सर ते खाली ओढतो. गरम इंजिनावर अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. तसंच दिसलं. मग केस वाळवायचं ड्रायर घेतलं आणि कनेक्टरवर गरम हवा सोडली. दोन मिनिटांनी आकडा चढायला लागला. एक, दीड, अडीच. तार दोन बोटांनी हलकेच वाकवली आणि सरळ पाच. सोडली की पुन्हा खाली. मिस्त्री मीटरकडे पाहत राहिले आणि म्हणाले, 'बाप्पा! अन आपण प्लग बदलवत बसलो.'

कनेक्टर उघडला तर एक पिन हिरवी पडलेली. तिच्या मागे, वरचं रबर शाबूत पण आतल्या तांब्याचे दोन-तीन तंतूच उरलेले. बाहेरून पाहून कोणालाही कळलं नसतं. भंगारातून दोन पिनांचा, नीट घट्ट बसणारा कनेक्टर तारेसकट मिळाला. जुनी तार काळा भाग संपेपर्यंत कापत मागे गेले, झाळलं, वर श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवली. नुसती पिळून टेप मारू नका. त्या जागी उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळून महिन्याभरात सोलली जाते. तार थोडी ढिली ठेवून गरम धातूपासून दूर बांधली.

आणि आता, सगळ्यात शेवटी, बॅटरीची तार काढली. चावी बंद, डिकी उघडून निगेटिव्ह काढला, ब्रेकचं पेडल दाबून धरलं, वीस सेकंदांऐवजी सावकाश एक मिनिट जाऊ दिलं. परत लावून पुन्हा यू-पिन आणि एलईडी. लुकलुक नाही. रविवारी सकाळी रामटेकला गेलो. परत येताना मुद्दाम रस्त्यात थांबून अर्धा तास बसलो, गाडी उन्हात. काका देवाचं नाव घेत होते, मी मीटर घेऊन तयार. पहिल्याच चावीत सुरू.

त्यानंतर उरलेला मे महिना गेला, एकदाही नाही.

तुमचा आकडा वेगळा आला तर थोडक्यात. दोन किंवा तीन आले तर इंजिनाच्या मागे कॅमच्या टोकाला बसवलेला अँगल सेन्सर पाहा. त्याचा रबरी ओ-रिंग कडक होऊन तेल गळतं आणि कनेक्टर तेलात भिजतो, आधी तो पुसा. दहा म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान. बारा म्हणजे थ्रॉटलचा सेन्सर. पंधरा किंवा सतरा ऑक्सिजन सेन्सरचे. ते आले म्हणून लगेच सेन्सर विकत घेऊ नका, मिश्रण दुसऱ्या कारणाने बिघडलं असेल तरी हे येतात. चौतीस म्हणजे आयडलचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनाचा वेग सांभाळणारा व्हॉल्व्ह. कोणताही आकडा आला तरी तो भागाचं नाव सांगत नाही, वाटेचं सांगतो. त्या वाटेवर भाग आहे, कनेक्टर आहे, तार आहे आणि अर्थिंग आहे. भाग सगळ्यात महाग, म्हणून तो सगळ्यात शेवटी.

त्याच डबीचा आणखी एक उपयोग. गाडी सुरू होत नाही म्हटलं की पेट्रोल पंपावर आळ येतोच. आमच्याकडेही पंप बदलायचं जवळजवळ ठरलं होतं. चावी ऑन केल्यावर पंपाचा आवाज येत नाही, हा पुरावा. पण या १६०० सीसी गाडीत नुसत्या चावीने पंप चालतच नाही. स्टार्टर फिरताना किंवा एअरफ्लो मीटरची झडप हवेने उघडल्यावरच तो सुरू होतो. म्हणून एफ/पी आणि जीएनडी यू-पिनने जोडा, चावी ऑन करा आणि सीटांच्या मागे कान लावा, टाकी तिथेच आहे. गूं असा आवाज आला की पंपाला वीज पोचते आणि तो फिरतो. काम झालं की पिन लगेच काढा. पेट्रोल कुठे गळत असेल तर ही चाचणी अजिबात करू नका.

आयडल आणि टायमिंग (प्लगची ठिणगी कधी पडावी ते) लावतानाही टीईएन-जीएनडी जोडावंच लागतं, नाहीतर ईसीयू स्वतःच ते सावरत राहतो आणि तुम्ही स्क्रू फिरवत बसता. इंजिन पूर्ण गरम, एसी आणि दिवे बंद, ८५० आरपीएम, पन्नास इकडेतिकडे, आणि टायमिंग टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर पोचतो त्या जागेच्या, १० अंश आधी. हौशी लोक ते १४ पर्यंत नेतात, गाडी चपळ होते म्हणतात. आपल्या उन्हाळ्यात मी नेणार नाही. पिन काढायला विसरून गाडी चालवू नका, मी एकदा शंकरनगरपर्यंत गेले होते आणि गाडी इतकी मरगळलेली का, म्हणून डोकं खाजवत होते.

ज्यांच्याकडे नवी गाडी आहे त्यांचं सॉकेट बहुतेक स्टिअरिंगखाली उजव्या गुडघ्याशी असतं, कधी छोट्या झाकणाआड. तिथे काम सोपं आहे, पण चूक तीच होते. स्कॅनर लावला की माणूस पहिल्यांदा 'क्लिअर' दाबतो. आकडा आणि त्यासोबत साठलेलं फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष आला त्या क्षणी तापमान किती, आरपीएम किती, वेग किती, याचा फोटो काढून घ्या, मग पुसा. आणि स्वस्तातलं ब्लूटूथचं यंत्र कायम खोचून ठेवू नका. गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरवतं.

एलईडी आणि यू-पिन आता औषधाच्या जुन्या डबीत घालून गाडीतच ठेवली आहे. डिकीत बॅटरीवर कागद चिकटवला आहे, 'आधी पुढची डबी'. मिस्त्रींनी तो वाचला आणि हसले, पण परवा एक जुनी मारुती आली तेव्हा तार काढायच्या आधी त्यांनी मला फोन केला. डायग्नोसिसच्या झाकणाची तुटलेली क्लिप तेवढी राहिली. सध्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून ताणून बसवला आहे. तो पावसात टिकतो का ते जुलैत कळेल.